खुडूक

काचांच्या ट्रेवर दोन्ही हात पालथे धरून मी बसलो होतो, एवढंच. तपासणीच्या खोलीतला गारवा यंत्रांसाठी असतो, माणसांसाठी नव्हे. आणि चष्म्याच्या घासलेल्या काचांवरचा बारीक ओरखडा डोळ्यांआधी बोटांना कळतो, पण बोटं गारठली की तो कळेनासा होतो, म्हणून आम्ही सगळेच अधूनमधून टेबलावरच्या दिव्याखाली हात धरतो. दिव्याखाली ट्रे होता, ट्रेवर माझे हात, मान छातीत, खांदे कानांपर्यंत चढलेले. सुपरवायझर मागून जात होते. ते क्षणभर थांबले आणि अगदी मायेने म्हणाले, "काय रे, खुडूक बसलायस का?" खोलीतल्या चौघांना तो शब्द ठाऊक नव्हता. पॅकिंगवाल्या मुलीने अर्थ विचारला, तेव्हा सुपरवायझरांनी आपलं लहानपण बाहेर काढलं. दोन्ही कोपर अंगापासून फाकवून, हनुवटी गळ्यात रुतवून त्यांनी आम्हांला कोंबडी करून दाखवली. कोंबडी अंडी द्यायची थांबते, पिसं फुलवून एका जागी बसून राहते, जवळ गेलं की गुरगुरते, ती खुडूक. मग तिच्याखाली अंडी असोत नसोत. गोटा ठेवला तर गोटा उबवते. "म्हणजे आता ह्याच्याखालून बायफोकल निघणार," घासणीवरचा माणूस म्हणाला, आणि खोली हसली. मीही हसलो. तसं हसायला मला काहीच करावं लागत नाही. ते आपोआप येतं, शिंकेसारखं. पण हसताना मी ट्रेमधली एक काच उचलली होती, आणि खोली पुन्हा कामाला लागल्यावर पाहिलं, तर तिचा कडेचा टवका उडून माझ्या अंगठ्यात रुतला होता.

रक्त फारसं आलं नाही. मी अंगठा तोंडात धरला आणि ती काच बाद काचांच्या खोक्यात टाकली. मला राग आला होता. हे वाक्य लिहिणं सोपं आहे. पण ज्याला राग येतो हे घरच्यांना, मित्रांना, दोन वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसालासुद्धा ठाऊक नसतं, त्याचा राग नेमका कुठे असतो, हे सांगणं कठीण आहे. तो चेहऱ्यावर नसतो, आवाजात नसतो. माझा राग तळहातांत असतो. तळहात तापतात, आणि मग मला ते कशावर तरी ठेवावेसे वाटतात.

त्या दिवशी संध्याकाळी मला घरी फोन करायचा होता. आदल्या दिवशी वडिलांचा आला होता. वडील फोनवर बोलत नाहीत, गोठ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारल्यासारखे ओरडतात, आणि त्यांचं बोलणं हाकेइतकंच आखूड असतं. दादा बायकोला घेऊन सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला, कायमचा. पहिलटकरू म्हशीने धारेच्या वेळी लाथ मारली, त्यात वडिलांचा गुडघा गेला. सहा म्हशी, अकरा शेळ्या, साठ-सत्तर कोंबड्या आणि डबक्यातली बदकं आई चार दिवस एकटी ओढत होती. तेव्हा मी नोकरी सोडून कायमचं यायचं. नाहीतर परवा सकाळी व्यापाऱ्याची गाडी बोलवून ते सगळं चढवून देणार. मी काही बोलत नाही असं पाहून त्यांनी शेवटचं वाक्य मात्र सावकाश, जवळजवळ हळू आवाजात टाकलं, "मोडक्या शिंगाची आटत आलीय. तिला दुधासाठी कोणी नेणार नाही. कशासाठी नेतील, ते तुला सांगायला नको."

मी म्हणालो, "बघतो."

बघतो. माझ्या आयुष्यात मी दुसरा कुठला शब्द इतक्या वेळा उच्चारला असेल असं वाटत नाही. त्यात हो नसतं, नाही नसतं; समोरचा आपल्याला हवं ते त्यात घालून घेतो आणि समाधानाने निघून जातो. आता तर माझी पोटापाण्याची कामगिरीही बघण्याचीच आहे. दिवसाकाठी सहाशे काचा मी उजेडासमोर धरतो आणि बघतो. हे काम मला इतक्या लवकर कसं जमलं, असं पहिल्या महिन्यात सुपरवायझरांनी विचारलं होतं, तेव्हाही मी हसलो होतो. खरं उत्तर असं होतं की वयाच्या आठव्या वर्षापासून मी अंडी उजेडासमोर धरत आलो होतो. आमच्या खुराड्याच्या दाराला एक भोक होतं. दुपारी त्यातून उन्हाची कांडी आत येई, आणि आई त्या कांडीवर एकेक अंडं धरून मला दाखवी. हे पोकळ. हे बिघडलेलं. आणि हे बघ, ह्यात लाल दोरे सुटलेत, म्हणजे ह्यात कोणीतरी आहे. "कोणीतरी आहे" असंच ती म्हणे. पिल्लू आहे असं नव्हे. काचांत कोणी नसतं. कधी कधी वाटतं, म्हणूनच मी त्या इतक्या नीट तपासू शकतो.

मोडक्या शिंगाची म्हैस माझी होती. म्हणजे ती जन्मली तेव्हा तिची आई मेली, आणि तीन महिने मी तिला बाटलीने दूध पाजलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे फाटकात अडकून तिचं शिंग मोडलं. वडिलांनी तिला काढायचं ठरवलं आणि मग धार चांगली निघाली म्हणून ठेवली. तिला मी एकटा पिळू शकत असे; दुसरं कोणी बसलं की ती पान्हा चोरायची. माझ्या वडिलांना हे सगळं ठाऊक होतं. सहा म्हशींतून बोट ठेवायला त्यांनी नेमकी हीच निवडली, आणि ते शेवटचं वाक्य नेमकं हळू आवाजात म्हटलं. ज्या माणसाला जनावराच्या अंगावर हात न ठेवता त्याचं दुखरं ठिकाण कळतं, त्याला मुलाचं कळणार नाही, असं मी कोणत्या भरवशावर समजत होतो? रात्रभर मला झोप लागली नव्हती हे मी सांगणार नाही. लागली होती, आणि त्याचाही राग आला होता.

पण खरी गोष्ट म्हशीची नाही. सुपरवायझरांनी उच्चारलेला तो शब्द अकरा वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा लागला होता.

वडिलांना खुडूक कोंबडी डोळ्यांसमोर चालत नसे. खुडूक म्हणजे महिना-दीड महिना अंडी बंद. म्हणून एखादी खुराड्याच्या कोपऱ्यात फुगून बसलेली दिसली की ते तिला पंखांना धरून उचलत आणि गोठ्यापुढच्या हौदात बुडवत. एकदा, दोनदा, तीनदा. पोटाखालची ऊब गेली की बसण्याचं वेड जातं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हे. पाण्यातून निघालेली कोंबडी दोन-तीन दिवस खुळ्यासारखी हिंडते आणि आठवड्याभरात पुन्हा अंडी द्यायला लागते. बुडवताना ते चिडलेले नसत, हे विशेष. कपडा खळबळून काढावा तसं ते काम होतं. मी मात्र तिथून निघून जात असे. हौदातून वर येणाऱ्या कोंबडीचा डोळा मला बघवत नसे. त्यात भीती नसायची. एक प्रकारचा संकोच असायचा, चारचौघांत उघडं पडल्यासारखा.

आणि एक गोष्ट आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाचं अठ्ठावीस. बदकं स्वतः धड बसत नाहीत, म्हणून त्यांची अंडी कोंबडीखाली ठेवतात. दोन्ही एकीखाली ठेवायची असतील तर बदकाची आधी ठेवायची, आणि सात दिवस मोजून मग कोंबडीची. म्हणजे सगळी बरोबर फुटतात. एकाच दिवशी ठेवली तर एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघतात, ती त्यांना घेऊन उठते, आणि मागे बदकाची अंडी गार पडत जातात. ती वाईट आई असते म्हणून नव्हे. तिला मोजता येत नाही. तिच्या पंखांखाली आवाज झाला, तिचं काम झालं.

मी पंधरा वर्षांचा असताना एका सकाळी कडब्याच्या गंजीमागून एक करडी कोंबडी सात पिल्लं घेऊन बाहेर आली. ती तिथे बसलेली होती हे कोणाला माहीत नव्हतं. वडिलांनी गंजीमागे जाऊन पाहिलं, आणि त्या खळग्यात फुटक्या टरफलांमध्ये बदकाची पाच अंडी होती. गार. त्यांनी ती बाहेर आणून ओळीने ओट्यावर मांडली. मग विचारलं, कोंबड्यांकडे कोण बघतं? कोंबड्यांकडे मी बघत होतो. गंजी दादाने रचली होती, वैरण दादा काढत होता, त्या खळग्याकडे त्याच्याशिवाय कोणी फिरकत नव्हतं. तेव्हा हे त्याने केलं, हे मला त्याच क्षणी उघड दिसलं. दादा ओट्याच्या कडेला उभा राहून दात कोरत होता. आई म्हशींसाठी आंबोण कालवत होती. तिचे हात कोपरापर्यंत घमेल्यात होते. मी काही बोललो नाही. "एकवीस आणि अठ्ठावीस ह्यांतला फरक ज्याला कळत नाही," वडील म्हणाले, "त्याच्या हाताला जनावर कधी लागायचं नाही." आणि ती पाचही अंडी उकिरड्यावर टाकायला माझ्याच हातात दिली.

दोन उकिरड्यावर पडतानाच फुटली. उरलेली तीन मी शर्टाच्या आत, पोटाशी धरली. पुढचे तीन दिवस ती मी कशी सांभाळली हे आठवलं की अजूनही हात पोटाशी जातो आणि त्याच वेळी हसू येतं. कमरेला एक जुनं फडकं बांधून त्यात ती ठेवायची, वर सैल शर्ट. वाकायचं नाही. पळायचं नाही. शेण काढताना गुडघ्यांवर बसायचं. पालथं झोपायचं नाही. आईने विचारलं, पोट दुखतंय का? मी म्हणालो, बघतो. म्हशीजवळ धारेला बसलो की तिच्या कुशीची ऊब आणि माझ्या पोटाची ऊब ह्यांच्यामध्ये ती अंडी असत, आणि त्या वेळी मला वाटे की हे जमेल, अठ्ठावीस दिवस भरतील, मी एक दिवस तीन बदकं ओट्यावर ओळीने मांडीन आणि एक शब्दही न बोलता बाजूला होईन. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांतलं एक कानाला लावलं. आतून कोणीतरी टकटक करत होतं. घाई नव्हती त्या आवाजात. दारावर पाहुण्याने वाजवावं तसा. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

त्याच दिवशी वैरणीची गाडी आली होती. गाडीवाला, त्याचा भाऊ, दूध न्यायला आलेला शेजारी, दादा, आई, सगळे अंगणात होते. पेंढी उचल म्हणून वडिलांनी सांगितलं आणि मी वाकलो नाही. पुन्हा सांगितलं. मी गुडघ्यांवर बसून उचलू लागलो तेव्हा त्यांनी माझा शर्ट वर केला. मग वडिलांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं मी माझ्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. खरंखुरं, जवळजवळ प्रेमळ. "अरे, हे पोरगं खुडूक बसलंय," ते म्हणाले. गाडीवाला तर गाडीचं चाक धरून हसला. आणि वडिलांनी मला दोन्ही दंडांना मागून धरलं, अगदी कोंबडीला धरतात तसं, आणि हौदात बुडवलं. एकदा, दोनदा, तीनदा. ते चिडलेले नव्हते. हौदाची कड माझ्या पोटाला लागली तेव्हा ती तिन्ही अंडी फुटली. मला ते पाण्याखाली जाणवलं. आधी गार पाणी, आणि मग त्या गारव्यात पोटावरून मांड्यांकडे ओघळत जाणारं काहीतरी कोमट.

त्या दिवसापासून मी खुडक्या झालो. दूध न्यायला येणारा शेजारी खुडक्या म्हणे, दादा म्हणे, पुढे शाळेतही ते गेलं. दोन वर्षांनी चष्म्याच्या काचांचं काम शिकायला मी शहरात निघालो तेव्हा घरात कोणी अडवलं नाही. ज्याच्या हाताला जनावर लागत नाही, त्याला अडवायचं कशाला? आणि आता त्याच हातांना हाक आली होती. गुडघा मोडला तेव्हा एकवीस आणि अठ्ठाविसातला फरक कोणाला आठवला नाही. ह्या घराने आपल्या उबेबाहेर मला सात दिवस आधी ढकललं होतं, आणि आता म्हणत होतं, ये, बस.

पाच वाजता मी जिन्यातल्या खिडकीशी गेलो. खाली गल्लीत एक माणूस दुकानाची काच पुसत होता. जिथे पुसून झालं होतं तिथेच पुन्हा पुसत होता. मी नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला. बादलीची कडी वाजली. हात धारेचे आहेत, लवकर बोल, ती म्हणाली. मागून, लांबून, बहुधा ओट्यावरच्या बाजेवरून, वडिलांची हाक आली, येतोय का विचार. मला सांगायचं होतं की अजून ठरलं नाही. दोन दिवस द्या. बघतो. हे सगळं तोंडात तयार होतं, आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"आई, त्या गंजीमागे बदकाची अंडी कोणी ठेवली होती?"

कुठली अंडी, असं तिने विचारलं नाही. मला वाटतं, उत्तर मला तेव्हाच कळलं.

"मी," ती म्हणाली.

मग तिने आवाज खाली घेतला, आणि धारेच्या बैठकीतच, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून बोलावं तशी बोलत राहिली. तेव्हा दिसली खुडूक की वडील तिला बुडवत होते. एकही कोंबडी ठेवली नव्हती बसवायला. एक तेवढी तिने गंजीमागे लपवली होती. बदकाची अंडी शिळी व्हायला आली होती. आधी बदकाची ठेवायची हे तिला कळत नव्हतं का? पण कोंबडी एकच आणि ती कधी सापडेल ह्याचा नेम नाही, म्हणून तिने सगळी एकदम ठेवली. तिला वाटलं होतं, एकवीस दिवसांत आणखी एखादी खुडूक बसेल, मग राहिलेली तिच्याखाली सरकवू. "बसली होती एक," आई म्हणाली. "तिलाही बुडवली."

अकरा वर्षं मी दादावर दात धरून होतो. त्याच्या लग्नात मी एका कोपऱ्यात उभा राहून त्याचा तिरस्कार केला होता. मला वाटलं होतं, हे ऐकून राग कुठेतरी जाईल, निदान जागा बदलेल. तो वाढला. तळहात इतके तापले की फोन निसटतो की काय असं वाटलं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?" ती म्हणाली. "ओट्यावर अंडी मांडली तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू नुसतं नाही म्हणाला असतास ना, तर मी पुढे झाले असते. हौदाच्या वेळीही तेच. तू पाण्यातनं वर आलास, तोंड पुसलंस, आणि हसलास. मला वाटलं, तुला काही नाही वाटलं."

हे न्याय्य नव्हतं. ह्यात कुठलाही न्याय नव्हता. पंधरा वर्षांच्या पोराने तोंड उघडावं म्हणून एक मोठी बाई, कोपरापर्यंत आंबोणाने माखलेले हात घेऊन, वाट बघत उभी राहते. आणि ते पोर तिने पुढे व्हावं म्हणून वाट बघत राहतं. आणि मधल्या मध्ये टकटक करणारं कोणीतरी पोटावरून ओघळून जातं. मला ओरडायचं होतं. पण ओरडण्याचं माझ्याकडे साधन नाही. माझ्याकडे एकच शब्द निघाला, अकरा वर्षं तोंडात धरून मऊ पडलेला.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"ती अंडी मी ठेवली नव्हती."

"ते मला माहीत आहे."

"आणि मी येणार नाही."

बादलीत पडणारी धार थांबली. ती थांबल्यावर मला कळलं की एवढा वेळ ती चालूच होती. आईने तोंड फोनवरून बाजूला केल्याचं ऐकू आलं, आणि ती ओट्याच्या दिशेने म्हणाली, "नाही म्हणतोय."

"कोण?" वडील लांबून म्हणाले.

"धाकटा."

एक कोंबडी कुरकुरली. मग वडिलांचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता, खरोखरचं नवल होतं. "बघतो म्हणाला असेल. नीट ऐक."

"नीटच ऐकलं," आई म्हणाली. "नाहीच म्हणाला."

फोन बंद कसा करायचा हे ती कधी शिकली नाही. बोलणं संपलं की तो कुठेतरी ठेवून देते, आणि पलीकडचा माणूस आपल्या घरात उरतो. मी ऐकत उभा राहिलो. धार पुन्हा सुरू झाली. डाव्या हाताची बारीक, उजव्या हाताची त्याहून बारीक, मध्ये एक अडखळ. एक सड वाकडा आहे तिचा. म्हणजे आई मोडक्या शिंगाच्या म्हशीखाली बसली होती, आणि ती पान्हा देत होती. उद्या सकाळी गाडी येईल. फळीवर चढवताना ती मागचे पाय रोवील, मान वळवून घराकडे बघेल, आणि माझ्या एका शब्दाचं मोल म्हणून तिला नेलं जाईल. ते मोल मी ठरवलं नव्हतं, पण मोजलं मीच, हे मला कोणी पुसून देणार नाही. मला परत हाक मारावीशी वाटली. आई, असं. तोंड उघडलंही. आणि मग धार बारीक होत होत थेंबांवर आली, आणि थेंब थांबले, तोवर मी तसाच उभा होतो.

वर तपासणीच्या खोलीत सुपरवायझरांनी माझ्यासाठी दिवा सरकवून ठेवला होता. ये, हात शेक, ते म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. ट्रेमध्ये दोनशे काचा उरल्या होत्या. माझी बोटं पार गार पडली होती. मी त्यांना सांगितलं, तो शब्द मला पुन्हा म्हणू नका. आणि सांगताना हसलो नाही. मग पहिली काच उजेडासमोर धरली.